एकदाच विचारणारे परबकाका

परबकाकांच्या घरी चहा एकदाच विचारतात.

हे वाचून तुम्हाला विशेष काही वाटलं नसेल, कारण तुम्ही कधी परबकाकांकडे गेला नाहीत. आपल्याकडे चहाची एक रीत असते. यजमान विचारतो, चहा टाकू? आपण म्हणतो, नको हो, आत्ताच झाला. तो म्हणतो, असं कसं, घ्या की. आपण म्हणतो, नको, खरंच नको. तेवढ्यात आतून कपबशांचा आवाज येतो आणि आपण म्हणतो, बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप. तो अर्धा कप काठोकाठ भरून येतो, आपण तो शेवटच्या घोटापर्यंत पितो, आणि दोन्ही बाजूंना बरं वाटतं.

परबकाका विचारतात, "चहा घेणार?" तुम्ही म्हणता, "नको." काका म्हणतात, "बरं." मग आत जाऊन स्वतःपुरता चहा करतात, भरपूर आलं घातलेला, आणि तुमच्यासमोर बसून तो फुर्र फुर्र करत पितात. तुम्ही त्या कपाकडे बघत सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसता.

मी हे पहिल्यांदा भोगलं तेव्हा दहावीत होते. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तूच 'नको' नीट म्हणाली नसशील." म्हणजे दोष माझाच. नशीब, तेव्हा परबकाकू होत्या. काका "बरं" म्हणाले की दोन मिनिटांनी त्या आतून कप घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "घे गो, त्यांचा काय ऐकतंस." काका नाराजीनं मान फिरवायचे. "ती नाय म्हणाली होती," असं पुटपुटायचे. काकू लक्षच द्यायच्या नाहीत.

परबकाका आमचे समोरचे शेजारी. मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, त्यांचं दार उघडलं की आमच्या दारातल्या चपला दिसतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. काका स्वतः मुलुंडातच कंप्रेसर बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मधे कधीतरी, तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, कंपनीनं त्यांना मशीनचं काम शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. अकरा महिने. या अकरा महिन्यांवर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली.

त्या देशाचं नाव ते क्वचितच घेतात. ते म्हणतात "तिकडे". "तिकडे असा चालत नाय," हे वाक्य त्यांनी कचऱ्याच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे वापरलेलं आहे. सोसायटीची सभा दहा वाजता ठेवली, तर काका दहाला खाली एकटे खुर्चीवर बसलेले. दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी वहीत लिहिलं, "सभासद अनुपस्थित", आणि घरी निघून गेले. आम्ही सगळे पावणेअकराला जमलो तेव्हा सेक्रेटरी त्यांना बोलवायला वर गेले. काका म्हणाले, सभा संपली.

कुणाकडे सात वाजता यायचं असेल तर ते सात वाजता बेल वाजवतात. सहा अठ्ठावन्नला पोचले तर दोन मिनिटं दाराबाहेर घड्याळाकडे बघत उभे राहतात. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माझ्या मावशीनं दुर्बिणीतून, म्हणजे दाराच्या त्या भोकातून, बाहेर एक माणूस नुसताच उभा बघितला आणि वॉचमनला फोन लावला.

सगळ्यात मोठा अनर्थ काकूंच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत झाला. ते कुडाळहून खास आले होते. काकूंनी कोंबडी-वडे केले होते. वाढायला काका. दोन वडे झाल्यावर काकांनी विचारलं, "आणखी?" पाहुणे म्हणाले, "पुरे, पुरे." मालवणी माणूस दोन वड्यांवर पुरे म्हणतो याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. काकांनी टोपलं उचलून आत नेऊन ठेवलं. काकू शेजारी कोथिंबीर आणायला गेल्या होत्या, त्या येईपर्यंत पाहुण्यांनी हात धुतलेले. पुढची तीन वर्षं ते आले नाहीत. काकूंनी त्यावरून धरलेला अबोला मात्र आठच दिवस टिकला, कारण काकांना तो अबोला आहे हेच कळलं नव्हतं. "काय हवं असेल ते सांगायचं," ते म्हणाले. "मी काय मनातला वाचू?"

एवढ्यावर थांबले असते तर आम्ही त्यांना एक विक्षिप्त शेजारी म्हणून सोडून दिलं असतं. पण काकांनी समाजकार्य सुरू केलं. आमच्या किंवा आजूबाजूच्या बिल्डिंगमधून कुणीही परदेशी नोकरीला निघालं की काका त्याच्याकडे हजर होतात, काखेत एक तपकिरी फाइल. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "तिकडे". व्हिसा लागल्याची बातमी त्यांना कशी कळते देव जाणे, कधी कधी ज्याला लागला त्याच्या आधी कळते.

माझा मुख्य राग असा की त्यांच्या लेखी "तिकडे" हा एकच देश आहे. कुलकर्ण्यांची सून ओसाकाला निघाली होती. काकांनी तिला आठ दिवस बसवून समोरच्याच्या डोळ्यांत बघून स्पष्ट "नाही" म्हणायला शिकवलं. जपानी माणूस "नाही" म्हणायचं असलं की श्वास आत ओढतो आणि "कठीण आहे" म्हणतो, हे त्या बिचारीला तिथे गेल्यावर कळलं. तोपर्यंत तिचं आपल्या साहेबांना भर मीटिंगमध्ये तीनदा "नाही" म्हणून झालं होतं. साहेब तिच्याशी महिनाभर फक्त हवामानाबद्दल बोलत होते. कुलकर्णीकाकांनी हे परबकाकांच्या कानावर घातलं. परबकाका विचार करून म्हणाले, "मग त्या साहेबाचं ट्रेनिंग कमी पडलं."

गेल्या वर्षी माझा नंबर लागला.

मी अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. म्हणजे खऱ्याखुऱ्या, अस्सल "तिकडे". आईला मी बजावलं होतं की परबकाकांना इतक्यात सांगू नकोस. संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. सात म्हणजे सात.

"अभिनंदन," काका म्हणाले. "उद्यापासून बसू."

मी म्हटलं, "काका, ऑफिसनं ट्रेनिंग ठेवलंय."

आणि ठेवलं होतंही. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात एका टापटीप बाईंनी आम्हाला चार तास कल्चरल इंटेलिजन्स शिकवला. पडद्यावर हिमनग होता, त्याचा वरचा भाग म्हणजे कपडे आणि जेवण, खालचा म्हणजे मूल्यं. मग आम्हाला गट पाडून रंगीत कागदांवर आमच्या भावना लिहायला लावल्या. मग सँडविच. संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय शिकवलं?" मी हिमनग सांगितला.

"हिमनग कशाला?" काका म्हणाले. "माणूस बोलला काय आणि त्याच्या मनात काय, ह्याच्यातला अंतर मोजायचा. आपल्याकडे ता मुलुंड ते मालवण. तिकडे समोरच्या भिंतीइतका. झाला तुझा कल्चरल."

मला हे पटलं, याचा मला फार राग आला.

मग माझा छळ सुरू झाला. रोज सात ते आठ. आपण मान हलवतो ना, हो पण नाही, नाही पण हो, अशी डावी-उजवीकडे? ती मोडायला काकांनी माझ्या डोक्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली आणि मला प्रश्न विचारले. "रिपोर्ट पाठवला?" हो, आणि पाणी कपाळावर. "कळलं का?" हो, आणि पाणी मानेवर. तिसऱ्या दिवशी आई मला टॉवेल देऊनच पाठवायला लागली.

नंतर नाटक. काका माझे तिकडचे साहेब व्हायचे. साहेब झाले की ते जर्मनीहून आणलेली करडी लोकरीची टोपी घालायचे. मे महिना, मुलुंड, पंखा दोन नंबरवर. टोपीखालून घामाचे ओघळ येताहेत आणि साहेब करड्या आवाजात विचारताहेत, "मिस स्मिता, काम शुक्रवारपर्यंत होणार?"

"हो सर, ट्राय करते."

"फेल!"

"होऊन जाईल सर."

"फेल! कोण करणार? आपोआप होऊन जाणार?"

"काका, मग काय म्हणू? नाही होणार?"

"नाय होणार असेल तर नाय होणार म्हण. आणि कधी होणार ती तारीख सांग. गो, तिकडे 'बघते' म्हणजे बघते. खिडकीतून बघतेस तसा. त्याचा अर्थ काम होणार असा होत नाय."

फाइलीत नियम होते. समोरच्याला वय विचारायचं नाही, लग्न झालं का विचारायचं नाही. हा नियम मला शिकवून झाल्यावर लगेच काकांनी विचारलं, "तुझा काय ठरला मग? तो पुण्याचा मुलगा?" मी नियमाकडे बोट दाखवलं. "तो तिकडचा नियम," काका म्हणाले. "हयसर मी विचारणार."

पण सगळ्या नियमांच्या वर, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेला एक नियम होता. एकदाच विचारतात. मी विचारलं, काका, हा एवढा लाल का? तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि मला बटाट्यांची गोष्ट सांगितली. ती आख्ख्या सोसायटीला पाठ आहे. जर्मनीतली पहिली संध्याकाळ, फोरमननं घरी जेवायला बोलावलेलं. काकांनी विमानात काही खाल्लं नव्हतं, कारण तिथेही हवाईसुंदरीनं एकदाच विचारलं होतं. फोरमनच्या बायकोनं दोन उकडलेले बटाटे वाढले, वर लोणी. मग विचारलं, आणखी? काका लाजून म्हणाले, नो नो. बाईनं भांडं उचललं. "मी त्या भांड्याकडे बघत होतो," काका सांगतात, "आणि ता भांडा आत जात होता."

इथपर्यंत आम्ही सगळे हसतो. त्या दिवशी काका पुढेही बोलले, आणि ते मी आधी ऐकलेलं नव्हतं.

"मंग्याच्या टायमाक," ते म्हणाले. मंग्या म्हणजे त्यांचा मुलगा मंगेश, माझ्याच वर्गात होता. "हिचे दिवस भरत आलेले. फोरमननं मला बोलवून विचारलं, परब, पंधरा दिवस घरी जाऊन येतोस? मी म्हटलं, नो नो, वर्क फर्स्ट. मला वाटलं, आता हा म्हणेल, अरे वेड्या, जा. बॅग भरून ठेवलेली गो मी. पलंगाखाली. तो म्हणाला, गुड. आणि मशीनकडे वळला."

"मग?"

"मग काय. मंग्या पाच महिन्यांचा झाला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हातात घेतला. माका बघून रडला. कोण हा माणूस म्हणून." त्यांनी टोपीची घडी घातली. "फोरमनची काय चूक? त्याने विचारलं होतं."

मंग्याला त्यांनी असा वाढवला की त्याच्यावर ही पाळी येऊ नये. लहानपणी त्याच्या वाढदिवसाला आम्ही केक "नको" म्हटला तर मंग्या पुढच्या मुलाकडे जायचा. शाळेत बाईंनी विचारलं, कुणाला कंटाळा आलाय का, तर एकटा मंग्या हात वर करायचा. आता तोही जर्मनीतच असतो, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिकडच्या लोकांना तो जन्मापासून तिथलाच वाटतो म्हणे. काकू माझा नंबर लागायच्या दोन वर्षं आधी गेल्या. तेव्हा तो येऊन बारा दिवस राहिला आणि परत गेला. त्यानंतर परबांच्या घरात दुसऱ्यांदा विचारणारं कुणी उरलं नाही.

निघायच्या आधी आठ दिवस माझ्या कागदपत्रांचा गोंधळ उडाला होता. काका वैतागले. "थांब, नमुना देतो," म्हणाले आणि आतून दुसरी एक फाइल घेऊन आले. "ह्याच क्रमाने लाव."

मी घरी येऊन ती उघडली. प्रत्येक कप्प्यावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी. पासपोर्ट: गेल्याच वर्षी नवा काढलेला, दत्ताराम विठोबा परब. फोटो, दोन, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, मान सरळ. विम्याची माहिती, पेन्शनचे कागद, परतीच्या विमानांची यादी. बाकी सगळं यंदाचं. शेवटच्या कप्प्यावर चिठ्ठी होती: मुलाचं निमंत्रण पत्र. तो कप्पा रिकामा होता.

मी फाइल घेऊन तशीच समोर गेले.

"काका, तुम्ही चाललाय मंग्याकडे?"

"नाय गो. फाइल अपडेट ठेवलेली बरी."

"त्यानं बोलावलं नाही?"

"बोलावलं ना. ही गेली तेव्हा विचारलं त्याने. बाबा, तीन महिने चला माझ्याकडे. मी नको म्हटलं." काका खिडकीतून बघत होते. "म्हणजे, लगेच हो कसं म्हणायचं? तेरावाही झाला नव्हता हिचा."

"मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला." काका माझ्याकडे वळले आणि मला वाटतं त्यांना हसायचं होतं. "बरोबरच आहे. मीच शिकवलं ना त्याला. त्याची काय चूक? त्याने विचारलं होतं."

मला एकदम इतका राग आला की कुणाचा ते कळेना. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्या मुलुंडला हा एकच धडा शिकवला, तो स्वतः त्याच धड्यात नापास होऊन, फोटो काढून, पासपोर्ट नवा करून, दोन वर्षं दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसला होता. मी म्हटलं, "अहो मग तुम्ही सांगा ना त्याला, मला यायचंय म्हणून! काय हवं ते सांगायचं ना?"

"असा आपल्या तोंडाने कसा सांगायचा?" काका म्हणाले. मग सावरून बसले. "आणि तू त्याला काय बोलायचं नाय. तिकडे कोण कुणाच्या घरच्या गोष्टीत पडत नाय. नियम आहे. चहा घेणार?"

"घेणार," मी म्हटलं. तेवढं तरी शिकले होते.

जर्मनीत गेले. काकांचं शिक्षण इतकं उपयोगी पडलं की चिडचिड व्हावी. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलवरच्या मुलीनं विचारलं, कॉफी? मी तिचं वाक्य संपायच्या आत "हो" म्हटलं. माझ्याबरोबर अंधेरीहून आलेला सहकारी "नको, थँक्यू" म्हणाला आणि दुपारपर्यंत तिच्या कपाकडे बघत बसला. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल? मला डोक्यावर वाटी जाणवली. मान अजिबात न हलवता मी म्हटलं, "नाही. बुधवारी होईल." साहेबांनी वहीत लिहिलं, बुधवार. एवढंच. मला त्या क्षणी कुणाला तरी फोन करून भांडावंसं वाटलं.

मंग्या आगगाडीनं तासाभरावर राहतो. एका रविवारी त्यानं जेवायला बोलावलं. साडेअकरा म्हणाला होता, मी अकरा अठ्ठावीसला पोचले आणि दोन मिनिटं दाराबाहेर उभी राहिले. स्वतःची लाज वाटली. घर लख्ख. भिंतीवर काकूंचा फोटो. त्यानं भात आणि सोलकढी केली होती, मालवणी मसाल्यात चिकन. मी पहिली वाढ संपवली. मंग्यानं विचारलं, "आणखी भात?"

सवय ही वाईट गोष्ट आहे. इतक्या महिन्यांनी मराठी कानावर पडल्यावर तोंडातून आपोआप निघालं, "नको रे, पुरे."

मंग्यानं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

माझं डोकं फिरलं. "मंग्या, तुझ्या बाबांना तू इकडे बोलावत का नाहीस?"

"बोलावलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "नको म्हणाले."

"एकदा विचारलंस!"

"मग किती वेळा विचारू? त्यांना आईचं घर सोडवत नसेल. त्यांनी नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती. त्यांना ते आवडत नाही, तुला माहितेय." मग थोडा थांबून म्हणाला, "ये, दाखवतो."

त्यानं दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. एक पलंग, घडी घातलेलं जाड पांघरूण, उशाला दिवा. बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवलेली. आणि नळाखाली एक लाल प्लॅस्टिकचा मग. "इकडे मिळत नाही," मंग्या म्हणाला. "आईच्या वेळी आलो होतो तेव्हा मुलुंड स्टेशनबाहेरून घेतला. त्यांनी विचार बदलला तर असावा."

मी त्या मगाकडे बघत राहिले. तिकडे फाइल, इकडे मग. दोन्ही घरांत सगळी तयारी झालेली, आणि मधे हे दोन शहाणे "बरं" म्हणून गप्प बसलेले. मला रडू येत होतं आणि दोघांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मी मंग्याला म्हटलं, "अरे गाढवा, तुझा बाप मालवणचा आहे! अकरा महिन्यांत तो जर्मन झाला असं तुला वाटलंच कसं?" आणि फाइलीबद्दल सांगून टाकलं. नवा पासपोर्ट, दोन फोटो, रिकामा कप्पा. काकांच्या "तिकडे" कुणी कुणाच्या घरच्या गोष्टीत पडत नसतील. मी मुलुंडची.

मंग्या पलंगाच्या काठावर बसला. मग त्यानं घड्याळ बघितलं. साडेबारा. म्हणजे मुलुंडला चार. काकांचा चहा.

त्यानं फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, चहा झाला?"

"पितो आहे."

"बाबा, तुम्ही इकडे या. तीन महिने."

"नको रे," काका म्हणाले. "कशाला."

मंग्यानं माझ्याकडे बघितलं, बघ, म्हटलं होतं ना, अशा नजरेनं. मी दोन बोटं दाखवली. दुसऱ्यांदा.

"या ना बाबा. खोली तयार आहे."

"नको, नको. मी थंय येवन काय करतलंय?"

मी तीन बोटं दाखवली. मंग्या ओठ चावत बसला होता. आयुष्यात त्यानं कुणाला काही तिसऱ्यांदा विचारलं नसेल. शब्दच सापडेनात त्याला. शेवटी जो निघाला तो त्याच्या आईचा होता.

"बाबा," तो म्हणाला, "येवा."

तिकडून फुर्र फुर्र थांबलं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"बाजूक ती स्मिता बसली हा काय रे?"

मंग्यानं माझ्याकडे बघितलं आणि सरळ प्रश्नाला बहुधा पहिल्यांदाच खोटं उत्तर दिलं. "नाय."

मग काका खाकरले. आवाज जरा जड झाला होता, त्यांनी तो करडा करायचा प्रयत्न केला, टोपी घातल्यासारखा.

"बरं. एवढा म्हणतंस तर येतंय. पण तीन म्हयने नाय हां. अर्धेच."

"बरं," मंग्या म्हणाला. फोन ठेवून त्यानं डोळे पुसले, टेबलाशी जाऊन कागद घेतला आणि निमंत्रण पत्र लिहायला बसला. तारीख, पत्ता, वडिलांचं पूर्ण नाव. मुक्काम: सहा आठवडे.

मी त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं, सहा आठवडे खोडलं आणि पूर्ण तीन महिने लिहिले.